सांबऱ्यासारख्या विमानतळावरचं बांधकाम: यादीपासून हस्तांतरापर्यंत संगणक आणि मोबाईल कसा वापरायचा

बेळगावहून बागलकोट रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात सांबरा येतं. इथली धावपट्टी १९४२ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. शेजारी हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इथं नवं टर्मिनल सुरू झालं. पुढे १० मार्च २०२४ रोजी बेळगाव आणि हुबळी या दोन्ही ठिकाणच्या आणखी नव्या टर्मिनलांची पायाभरणी झाली आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या उजळाईवाडीतल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आपल्या दोन्ही अंगांना, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, विमानतळांची कामं चालू आहेत. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडची डिप्लोमा-डिग्री केलेली पोरं, सर्व्हेअर, लहान ठेकेदार या कामांवर जातात. रस्त्याचं किंवा इमारतीचं काम त्यांना येतं. चालू विमानतळावरचं काम मात्र वेगळं असतं, आणि ते नीट शिकवणारं मराठीत फारसं काही सापडत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा प्रश्न शेवटी येतो. विमानतळावर काम बिघडतं ते बहुतेक वेळा दोन माणसांकडे एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या नोंदी असल्यामुळे. ड्रॉइंग दोन, लेव्हल दोन, तारखा दोन. सगळ्यांसमोर एकच नोंद राहावी यासाठी काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: आहे त्याची यादी

काम मंजूर होण्याआधीच विमानतळावर काय काय आहे याची यादी हवी. धावपट्टी, टॅक्सीवे (धावपट्टीकडे ये-जा करायचा विमानांचा रस्ता), एप्रन (विमानं उभी करायची जागा), गटारं, कुंपण, दिवे, केबल, पंप, अग्निशमनाची टाकी. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक पुढे कधीही बदलायचा नाही. साधी एक्सेल शीट सुरुवातीला पुरते. रकाने पाच: क्रमांक, जागा, बसवल्याचं साल, सध्याची अवस्था, पुढची दुरुस्ती.

डांबरी किंवा काँक्रीट पृष्ठभागाची अवस्था शब्दांत लिहू नका. ‘बरी आहे’ याचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा. त्यासाठी पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स, म्हणजे पीसीआय ही ० ते १०० ची मोजपट्टी आहे. विमानतळांसाठीची पद्धत एएसटीएम डी ५३४० या मानकात दिलेली आहे. पृष्ठभागाचे तुकडे पाडायचे, त्यातले काही नमुना म्हणून निवडायचे आणि भेगा, खड्डे, चाकोऱ्या मोजून गुण काढायचे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची पेव्हएअर ही प्रणाली आणि जाडी काढण्यासाठीचं फारफील्ड हे सॉफ्टवेअर दोन्ही मोफत आहेत. कॉलेजातल्या मुलांनी तरी ती एकदा चालवून पाहावीत. धावपट्टीची ताकद सांगण्याची जुनी पीसीएन पद्धत जाऊन २८ नोव्हेंबर २०२४ पासून पीसीआर पद्धत आली आहे, त्यामुळे जुन्या अहवालातले आकडे जसेच्या तसे नव्या अंदाजपत्रकात उचलू नका.

दुसरी पायरी: नकाशा आणि लेव्हल

इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात महागडी चूक इथंच होते.

एका लहान विमानतळावर मी गटाराचं काम पाहत होतो. ड्रॉइंगमध्ये धावपट्टीच्या दिव्यांची केबल कडेपासून बरीच लांब दाखवली होती. जेसीबीनं त्याच्या निम्म्या अंतरावर बकेट टाकली आणि केबल तुटली. हे दिवे सिरीज सर्किटवर चालतात, साधारणपणे ६.६ अँपिअरवर. मुख्य केबल एका ठिकाणी तुटली की त्या सर्किटवरचे सगळे दिवे एकदम जातात. रात्रभर जोडणी चालली. नंतर कळलं की ती केबल काही वर्षांपूर्वीच सरकवली होती, आणि सरकवलेल्या जागेचं ड्रॉइंग एका निवृत्त झालेल्या माणसाच्या कपाटात होतं. जेसीबीवाल्याचा काहीच दोष नव्हता. त्यानं त्याला दिलेला कागद पाळला होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. जुनी सगळी ड्रॉइंगं स्कॅन करायची. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती एकाच नकाशावर बसवायची. मग केबल लोकेटर आणि जमिनीखालचं दाखवणारा रडार घेऊन प्रत्यक्ष फिरायचं आणि संशयाच्या जागी हातानं खड्डा खणून केबल डोळ्यांनी बघायची. नकाशावर तीन रंग ठेवायचे: डोळ्यांनी पाहिलेली केबल हिरवी, यंत्रानं सापडलेली पिवळी, फक्त जुन्या कागदावरची लाल. लाल रेषेच्या आसपास यंत्रानं खणायला परवानगी नाही, हे मुकादमापर्यंत सगळ्यांना माहीत हवं.

नकाशा कुठल्या पद्धतीत आहे ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा. विमान वाहतुकीची सगळी स्थानं डब्ल्यूजीएस-८४ मध्ये, म्हणजे जीपीएस वापरतं त्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत, द्यावी लागतात. मीटरमध्ये काम करायचं तर आपला भाग यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या ४३ व्या झोनमध्ये, उत्तर गोलार्धात येतो आणि क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ३२६४३ आहे. जुने नकाशे एव्हरेस्ट या भारतातल्या जुन्या पद्धतीत असतात. ते न बदलता वर ठेवले तर सगळा नकाशा बाजूला सरकलेला दिसतो आणि मग एखादा उत्साही माणूस तो हातानं ओढून ‘बसवतो’. असं कधीही करू नका.

लेव्हलची गोष्ट याहून नाजूक. डीजीपीएस, म्हणजे सर्व्हेचं जास्त अचूक जीपीएस, जी उंची देतं ती एका गणिती पृष्ठभागापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात या दोन्हींमध्ये ५० मीटरांहून जास्त फरक पडतो. सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. कुणाच्या शीटमध्ये सातशेच्याही खालचा आकडा दिसला तर तिथं हीच गल्लत झाली आहे असं समजा. क्रेन उभी करायची असेल, उंच खांब लावायचा असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या एनओसीएएस या ऑनलाईन प्रणालीवर जागेचं स्थान आणि उंची भरून ना हरकत घ्यावी लागते. तिथं चुकीची उंची गेली तर अर्ज परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या उंचीवर मंजूर होतो. पक्का बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली खूण, एकच ठेवा, त्यावर रंगानं आकडा लिहा आणि दर महिन्याला ऑटो लेव्हलनं तपासा.

विमानतळाच्या हद्दीबाहेरची जमीन लागत असेल तर कर्नाटकाच्या भूमी पोर्टलवर उतारा बघता येतो, आणि दिशांक ॲपवर आपण उभे आहोत तिथला सर्व्हे नंबर कळतो. हे फक्त अंदाजासाठी. हद्द ठरवायला भूमापन खात्याची मोजणीच लागते. उतारा कन्नडमध्ये येतो, म्हणून ज्याला तो नीट वाचता येतो अशा माणसाला शेजारी बसवा. गावातल्या शेतकऱ्याशी बोलताना मोबाईलवरची रेघ हा पुरावा म्हणून दाखवू नका. पिढ्यानपिढ्या बांध सांभाळलेल्या माणसाला ते लागतं, आणि बरेचदा त्याचंच बरोबर असतं.

तिसरी पायरी: रात्रीचा हिशोब

विमानं दिवसा येतात, म्हणून धावपट्टीवरचं काम बहुतेक रात्री. समजा, रात्री ११ ते पहाटे ५ अशी सहा तासांची मुभा मिळाली. नवखा माणूस सहा तास काम धरतो. प्रत्यक्षात धावपट्टी बंद केल्याची खूण लावणं, यंत्रं आत आणणं, पहिली तपासणी यात पाऊण तास जातो. शेवटी उतार घालणं, झाडणं, मधली रेघ मारणं, यंत्रं बाहेर काढणं, अंतिम तपासणी यात पावणेदोन तास. हातात उरतात साडेतीन तास.

आता २३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद धावपट्टी घ्या. क्षेत्रफळ १,०३,५०० चौरस मीटर. ५ सेंटिमीटर जाडीचा डांबरी थर टाकायचा, तर घनता २.४ धरून दर चौरस मीटरला ०.१२ टन माल लागतो. एकूण १२,४२० टन. तासाला १२० टन माल पडतो असं धरलं तर एका रात्री ४२० टन, म्हणजे ३५०० चौरस मीटर, म्हणजे पूर्ण रुंदीत ७८ मीटर. एका थराला ३० रात्री. यात पाऊस, यंत्र बिघाड, सण काही धरलेलं नाही. हा हिशोब शीटमध्ये असा मांडा की तासाचा आकडा बदलला की रात्रींची संख्या आपोआप बदलेल. ठेकेदाराशी बसून ही शीट एकदा चालवली की अर्धे वाद तिथंच मिटतात.

उतार विसरू नका. सकाळी त्याच धावपट्टीवर विमान उतरणार असतं. नवा थर जिथं संपतो तिथं पायरी राहून चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे थर ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर तात्पुरता उतार ०.५ ते १ टक्का ठेवावा लागतो, त्याहून जाड थराला ०.५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे ५ सेंटिमीटरला निदान ५ मीटर आणि ७.५ सेंटिमीटरला निदान १५ मीटर लांबीचा उतार. दुसऱ्या रात्री तो खरवडून मगच पुढे जायचं. हा वेळही शीटमध्ये धरा.

प्रत्येक रात्रीसाठी एक परतीची वेळ ठरवा. उदाहरणार्थ, अडीचपर्यंत पेव्हर, म्हणजे डांबरी माल पसरणारं यंत्र, चालू नसेल तर त्या रात्री नवा माल टाकायचा नाही, होतं तेवढं बंद करून बाहेर पडायचं. ही वेळ सगळ्यांच्या मोबाईलवर गजर म्हणून लावा. हॉट मिक्स प्लांट दूर असेल तर डंपरना जीपीएस बसवा, म्हणजे साईटवर उभ्या माणसाला पुढचा डंपर कुठं आहे ते दिसतं आणि मोकळ्या पेव्हरपुढं उभं राहून फोन करत बसावं लागत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त आहे. प्रत्येक डंपरमधल्या मालाचं तापमान घेऊन नोंदवा. हिवाळ्यात बेळगावच्या रात्री गार असतात, माल लवकर थंड होतो.

वेळापत्रकासाठी मोठ्या निविदांमध्ये बहुधा प्रायमाव्हेरा हे सॉफ्टवेअर मागतात. लहान कामाला एमएस प्रोजेक्ट किंवा मोफत मिळणारं प्रोजेक्टलिब्रे पुरतं. कुठलंही वापरा, पण त्यात दोन गोष्टी घाला. एक, पावसाळा. जून ते सप्टेंबर डांबराचं काम धरू नका. त्या काळात टर्मिनलच्या आतली कामं, विजेची कामं, खरेदी लावा. दुसरी गोष्ट सूचनांची. तात्पुरता बदल वैमानिकांना नोटॅम या अधिकृत सूचनेतून कळवावा लागतो. कायमचा बदल, म्हणजे धावपट्टीची लांबी किंवा नवा टॅक्सीवे, हा २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रातल्या गुरुवारीच लागू होतो आणि ती माहिती त्याआधी निदान २८ दिवस वापरणाऱ्यांच्या हातात पोचावी लागते. म्हणून काम संपल्याची तारीख आणि विमानानं ते वापरण्याची तारीख या दोन वेगळ्या रेघा वेळापत्रकात दिसायला हव्यात. टॅक्सीवे तयार होऊन रिकामा पडून राहतो तो याचमुळे.

चौथी पायरी: ड्रॉइंग एकाच जागी

इथं थोडक्यात सांगतो. सगळ्या फायली एका ठिकाणी ठेवा आणि चार कप्पे करा: चालू असलेलं, तपासायला दिलेलं, मंजूर, जुनं. आयएसओ १९६५० या मानकाची कल्पना हीच आहे. साईटवर फक्त ‘मंजूर’ कप्प्यातलं ड्रॉइंग जाईल. फाईलच्या नावात कामाचा क्रमांक, विषय आणि आवृत्ती असावी; ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ अशी नावं बंद करा. छापलेल्या ड्रॉइंगवर क्यूआर कोड लावा. तो मोबाईलनं पाहिला की ही आवृत्ती अजून चालू आहे की बदलली, हे जागेवरच कळतं. जेसीबीजवळ उभ्या माणसाला हवी असते ती हीच माहिती.

पाचवी पायरी: साईटवरची नोंद, तीन भाषांत

आपल्या भागातल्या साईटवर मुकादम मराठी, जेसीबीवाला कन्नड, पेव्हरची टोळी हिंदी बोलणारी, आणि कागद इंग्रजीत. या चौघांमध्ये नोंद हरवते. त्यावर कोबोटूलबॉक्स हे मोफत साधन मला फार उपयोगी वाटतं. त्यात एकच फॉर्म अनेक भाषांत करता येतो, नेटवर्क नसलं तरी भरता येतो आणि रेंज आली की वर जातो. एकच पर्याय ज्याच्या त्याच्या भाषेत पाऊस, मळे किंवा बारिश असा दिसतो, पण शीटमध्ये नोंद एकच पडते. माती, मण्णु, मिट्टी याचंही तसंच.

फॉर्म करताना काही पथ्यं पाळा. टाईप करायला कमीत कमी लावा, पर्याय द्या. एका फॉर्ममध्ये दहापेक्षा जास्त प्रश्न नकोत. रात्री दोन वाजता हातमोजे घातलेला माणूस पंधरावा प्रश्न भरत नाही. पुस्तकी शब्द घालू नका. साईटवर सगळे लेव्हल, ढाळ, खडी म्हणतात, तेच लिहा. कन्नडमधला शब्द कन्नड माणसालाच विचारा; ढाळाला इळिजारु म्हणतात हे मला एका रोलर चालवणाऱ्यानं सांगितलं. आणि फॉर्म सुरू करण्याआधी दोन रात्री मुकादमाच्या शेजारी उभं राहून तो कसा भरतो ते पाहा. तो जिथं अडतो तिथं फॉर्म चुकलेला असतो.

फोटो फॉर्ममधूनच काढायला लावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली जागेची माहिती निघून जाते आणि फोटोचा दर्जाही उतरतो. ग्रुप निरोपासाठी ठेवा, नोंदीसाठी नको. काँक्रीटच्या क्यूबवर, म्हणजे ताकद तपासायच्या ठोकळ्यावर, क्यूआर चिकटवा, म्हणजे ७ आणि २८ दिवसांचा निकाल कुठल्या ओतणीचा हे शोधत बसावं लागत नाही.

अडथळ्यांची नोंदवही, जिला सगळे हिंडरन्स रजिस्टर म्हणतात, ती रोजच्या रोज भरा. साईटवर पर्जन्यमापक ठेवा आणि किती वाजता पाऊस सुरू झाला, किती वाजता थांबला ते लिहा. मुदतवाढ मागताना ‘जोराचा पाऊस होता’ याला किंमत नसते. तारीख, तास आणि मिलिमीटर याला असते.

सहावी पायरी: पैसा

केंद्राच्या कामांच्या निविदा सीपीपी पोर्टलवर येतात, डिजिटल सही लागते. ती सही मुदत संपण्याआधी नवी करून ठेवा. मापं आता बऱ्याच खात्यांत इलेक्ट्रॉनिक मेजरमेंट बुकमध्ये चढतात. आर. ए. बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं लावायचं बिल, अडकतं त्याचं कारण बहुधा पैसे नसणं हे नसतं, चाचणीचा एखादा दाखला नसणं हे असतं. म्हणून प्रत्येक बाबीपुढे चार रकाने ठेवा: संयुक्त मापाची तारीख, चाचणी अहवालाचा क्रमांक, फोटोंचा कप्पा, इंजिनिअरची सही. चारही भरले की ओळ हिरवी होईल असं सूत्र घाला. बिलात फक्त हिरव्या ओळी जाऊ द्या. लहान ठेकेदाराची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, त्याचं बिल एका कागदासाठी महिनाभर पडून राहिलं तर घर अडचणीत येतं. ही शीट मी त्याच्यासाठी महत्त्वाची मानतो.

काम मागे आहे की पुढे, हे पाहायला एक साधा भागाकार करा. आजपर्यंत ४० टक्के व्हायला हवं होतं आणि ३२ टक्के झालं, तर ३२ भागिले ४०, म्हणजे ०.८. दर आठवड्याला हा आकडा काढा. तो सलग तीन आठवडे घसरला तर बैठक बोलवा, महिन्याअखेरची वाट पाहू नका.

परवानग्या आणि ड्रोन

ड्रोननं प्रगतीचे फोटो काढावेत असं प्रत्येकाला वाटतं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. सांबऱ्याला शेजारी हवाई दल आहे, त्यामुळे इथं जास्तच जपायला हवं. डिजिटल स्काय प्लॅटफॉर्मवर झोन बघा, हवाई वाहतूक नियंत्रण आणि सुरक्षा यंत्रणेची लेखी परवानगी घ्या, आणि ती नसेल तर खांबावर बसवलेला कॅमेरा वापरा. साईटचे फोटो, केबलचे नकाशे समाजमाध्यमांवर टाकू नका. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा पास आणि प्रत्येक गाडीची परवानगी यांच्या मुदती एका शीटमध्ये ठेवून पंधरा दिवस आधी सूचना येईल असं करा. पास संपला म्हणून रोलर चालवणारा गेटवर थांबला की ती रात्र गेली.

शेवटची पायरी: हस्तांतर

हस्तांतराची तयारी पहिल्या दिवसापासून होते. बसवलेल्या प्रत्येक पंपाचा, दिव्याचा, एसीचा क्रमांक पहिल्या पायरीतल्या यादीत चढवा. त्याच्यापुढे हमीची मुदत, पुरवठादार आणि माहितीपुस्तिकेची फाईल जोडा. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ठेकेदारानं दोष स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायच्या दोन महिने आधी सूचना येऊ द्या, म्हणजे भेगा, गळती त्या ठेकेदाराकडूनच दुरुस्त होतात.

आणि गटार किंवा केबलचा चर बुजवायच्या आधी, तो उघडा असतानाच, दर १० मीटरवर डीजीपीएसनं स्थान आणि खोली घ्या, मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा आणि त्याच रात्री नकाशावरची रेघ हिरवी करा. चर उद्या सकाळी बुजणार असतो.